दुसरं कार्ड मागे का पडतं

ज्या ग्राफिक्स कार्डाला काहीही झालं नव्हतं, ते दुरुस्त करता करता मी मारून टाकलं. बिघडवलं असं म्हणत नाही, मारलं. त्याचा पंखा नंतरही इमानेइतबारे फिरायचा, पडद्यावर मात्र काळोखाशिवाय काही उमटायचं नाही. बिघाड कार्डात नव्हताच. तो माझ्या थोरल्या भावाच्या हातांत होता, आणि घरात मला सोडून सगळ्यांना तो माहीत होता.

तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो आणि मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं अशी आमच्या गल्लीची समजूत होती. ती पसरवायचं काम मीच केलं होतं. शेजारच्या काकूंचा प्रिंटर एकदा मी चालू करून दिला. मागची वायर निघाली होती एवढंच, पण ती खोचायच्या आधी मी झाकण उघडून बराच वेळ गंभीर चेहऱ्यानं आत पाहत बसलो. काकूंनी बेसनाचे लाडू दिले. अशा लाडवांवर पोसलेला माझा आत्मविश्वास होता. दादाला तो कळत होता. "डॉक्टरसाहेब आले," असं तो मी खोलीत शिरलो की म्हणायचा. आज मी दादाहून कितीतरी मोठा आहे. तो ज्या वयाला थांबला ते वय मी केव्हाच ओलांडलं, आणि तरी त्या खोलीची आठवण आली की मी आपला धाकटाच असतो, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेतलेला.

घर नागपुरात, नंदनवनच्या अंगाला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाबा कळमेश्वरच्या एका कारखान्यात होते. सकाळी ते निघायचे तेव्हा मोटरसायकलला किक मारल्याचा आवाज, त्यावर आईचं "डब्बा घेतला का वो देवा" हे रोजचं विचारणं, आणि डबा राहिलेला असल्यामुळे बाबांचं परत आत येणं. दादा मौद्याला एका ठेकेदाराकडे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा. कंपनीची बस त्याला चौकातून घ्यायची. संध्याकाळी तो घरी आला की हातपाय धुऊन, चहा घेऊन थेट कॉम्प्युटरसमोर. आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर त्यानं स्वतः एकेक भाग आणून तो जोडला होता. मशीन खाली फरशीवर गेलं होतं. आई म्हणायची, "माह्या मशीनवर याचं मशीन बसलं." पण तिला कौतुक होतं. दादा गाड्यांची शर्यत खेळायचा तेव्हा ती कणिक मळता मळता दारात येऊन उभी राहायची, आणि वळणावर स्वतःच एका बाजूला झुकायची.

दादाची बोटं पाहण्यासारखी होती. डोंगरातल्या रस्त्याचा एक ट्रॅक होता, एका बाजूला दरी. तिथं बाकी सगळे ब्रेक मारायचे, दादा मारायचा नाही. तो फक्त बाणाची कळ हलकेच टोचायचा, दोनदा, तीनदा, गहू निवडताना बायका खडा बाजूला करतात तशी, आणि गाडी दरीच्या काठानं सरकत निघून जायची. मी खेळलो की दरीत. दरीत जायचा रस्ता मला तोंडपाठ होता.

दुसरं कार्ड त्यानं सीताबर्डीवर एका गेम पार्लर बंद करणाऱ्या माणसाकडून आणलं. आधीचं होतं अगदी तसंच, वापरलेलं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरची चित्रं काढणारा भाग. दोन कार्डं असली की ती पाळी लावून काम करतात, एक चित्र हे काढतं, पुढचं ते. प्रत्येकाच्या आत एक ठेका चालू असतो, त्याला क्लॉक स्पीड म्हणतात. काम नसलं की ठेका मंद, काम आलं की जलद. दोन्ही कार्डांचा ठेका सारखा चढला तर गाडी लोण्यासारखी पळते. एक मागे राहिलं तर दुसऱ्याला त्याच्यासाठी थांबावं लागतं आणि खेळ अडखळतो. हे सगळं मी तेव्हा इंटरनेटवर वाचून दादाला समजावलं होतं. त्याला ते आधीच ठाऊक होतं. त्यानं ऐकून घेतलं.

उन्हाळा लागला आणि दादा एक दिवस म्हणाला, "बबलू, हे अटकून राहिलं बे."

"काय अटकून राहिलं?"

"मी कळ दाबतो तेव्हा गाडी वळत नाही. मागून वळते."

माझ्या अंगात जणू वीज आली. कार्डांचा ठेका दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो मी चालू केला. पडद्याच्या कोपऱ्यात दोन रेघा आल्या. पहिल्या कार्डाची रेघ शर्यत सुरू होताच वर चढली आणि वरच राहिली. दुसऱ्याची चढली, थोड्या वेळानं खाली घसरली, आणि अर्ध्यावर पडून राहिली. मी ओरडलो, "सापडलं!" आई स्वयंपाकघरातून धावत आली. "काय हरवलं होतं?"

खरंच तिथं बिघाड होता, हे माझ्या बाजूनं सांगायला हवं. मी पद्धतशीर गेलो. वीज वाचवायची सेटिंग बंद केली. दोन कार्डांना जोडणारी पट्टी काढून पुसून परत लावली. मग कार्डांच्या जागांची अदलाबदल केली. त्यावरून कळतं की दोष कार्डात आहे की जागेत. वरच्या जागेत जे कार्ड जाईल तेच मंद पडत होतं. म्हणजे कार्ड निर्दोष, जागा वाईट. दोन्ही कार्डं इतकी चिकटून होती की खालच्याची गरम हवा वरचं ओढून घेत होतं, आणि तापलं की जळू नये म्हणून आपला ठेका स्वतःच कमी करत होतं. बाहेर नागपूरचा मे महिना. आमच्या त्या खोलीत माणसं ठेका कमी करून पडलेली असायची, तर कार्डाला काय दोष द्यायचा.

मी कॅबिनेटचं झाकण काढलं आणि घरातला एकुलता एक कूलर, वाळ्याच्या ताट्यांचा, ओल्या वासाचा, पंपाची गुरगुर करणारा, खिडकीतून उचलून आत घेतला आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे वळवलं. आई तेव्हा भिवापुरी मिरच्यांची देठं खुडत बसली होती. डोळ्यांतून आणि नाकातून पाणी, वरून घाम.

"कूलर तिकडे काहून वळवला रे?"

"आई, कार्ड तापून राहिलं."

"अन् मी? मी का थंड पडली? त्या डब्ब्याले हवा अन् मले मिरच्या?"

बाबा त्या दिवशी घरी होते. कॉम्प्युटरनं पोरांचं वाटोळं केलं असं रोज एकदा तरी म्हणणारे बाबा. ते खाटेवरून हळूच म्हणाले, "राहू दे वं. पोट्टे खेळून राहिले तर खेळू दे." आई मिरच्यांनी भरलेलं सूप उचलून स्वयंपाकघरात गेली, जिथं आणखी उकडत होतं. मला वाटलं, बाबांना शेवटी विज्ञान कळायला लागलं. दमट हवा उघड्या कॉम्प्युटरवर सोडायची नसते, त्यानं आतल्या तांब्याला गंज चढतो, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात होतं. ते पुस्तक मी कूलर तिरपा करायला त्याच्या खाली दिलं होतं.

पण उपाय लागू पडला. दोन्ही रेघा एकदम वर चढल्या आणि शेजारी शेजारी चालत राहिल्या. त्या रात्रीच्या जेवणाला आईनं आंब्याचा रस केला, कुरड्या तळल्या. ती दादाची कुरडई ताटात चुरून देत होती, पोळीचे तुकडे करून रसात भिजवून वाटी त्याच्यासमोर ठेवत होती, वर चमचा. मला राग आला. मी कार्ड दुरुस्त केलं आणि लाड याचे. मी म्हणालो, "लग्नाचा घोडा झाला अन् चमच्यानं खाते पाह्य कसा. आई, घास बी भरव ना त्याले."

दादाच हसला. "जळू नको बे, तुले बी भरवते." बाबांनी पाण्याचा गडवा उचलला आणि परत तिथंच ठेवला. मी तिसरी कुरडई घेतली.

आमच्या घरात, आणि आमच्याच काय, ओळखीच्या सगळ्या घरांत, एक रीत होती. ज्याचे पेपर आहेत त्याला वाईट बातमी सांगायची नाही. माझ्या दहावीच्या वेळी आजी गेली, ती मला शेवटचा भूगोल देऊन आल्यावर कळली; तोवर घरात सुतक होतं आणि मला गोडाचा शिरा मिळत होता. शेजारच्या मुलाचे वडील दवाखान्यात असताना तो बिचारा, बाबा दौऱ्यावर आहेत, असं सगळ्यांना सांगत फिरत होता. यात कुणी कुणाला फसवत नाही. पेपर हा घरातला पाहुणा असतो, तो जाईपर्यंत रडायचं नाही, इतकंच. माझे पेपर त्या उन्हाळ्यात होते. म्हणून दादा मौद्याला जायचा थांबला तेव्हा मला सांगितलं गेलं की काम कमी आहे, सुट्टी आहे. तो शर्ट सोडून टीशर्ट घालायला लागला, तर मला वाटलं फॅशन. त्याला चहाचा कप अर्धाच भरून द्यायला लागले, तर मला वाटलं साखरेची काटकसर. चालता चालता त्याच्या पायातली चप्पल निसटून मागे राहायची, तर मी म्हटलं नवीन घे की. हातपायांतलं बळ हळूहळू काढून घेणारा नसांचा रोग होता तो. डॉक्टरांनी सांगितलेलं नाव आईला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, आणि मला ते आजही लिहावंसं वाटत नाही.

रसाच्या जेवणानंतर थोड्याच दिवसांनी दादा परत म्हणाला, "अजून अटकते बे."

मी रेघा पाहिल्या. दोन्ही वर. तापमान बेताचं. माझ्या डोळ्यांसमोर गाडी मात्र वळणावर उशिरा वळत होती आणि दरीत जात होती. दादाची गाडी, दरीत. मी कीबोर्ड बदलला. वायर बदलली. मित्राकडून त्याच्या कॉम्प्युटरचा पडदा मागून आणला, सायकलवर चादरीत गुंडाळून. शर्यतीचा प्रोग्रॅम पुसून नवा टाकला. भाग एकेक करून बदलायचे आणि दोष कुठं सरकतो ते पाहायचं, ही माझी पद्धत, आणि मी ती शेवटपर्यंत नेली. मी स्वतः खेळून पाहिलं. गाडी कळ दाबताक्षणी वळली. अगदी लोणी.

इथं कुणाही शहाण्या माणसाला कळलं असतं. सगळं बदलून पाहिलं, फक्त चालवणारा बदलला आणि दोष गेला. मी वहीत निष्कर्ष लिहिला तो असा: दादा माझ्यापेक्षा जोरात चालवतो, त्यामुळे कार्डावर जास्त ताण येतो, आणि कार्ड इतक्या क्षणभर मंद पडतं की रेघेत ते दिसत नाही. किती सुंदर निष्कर्ष. त्यात दादा सगळ्यांत वेगवान होता, मी हुशार होतो, आणि दोष एका लोखंडी पेटीत होता. नंतर नोकरीत मी मोठमोठ्या यंत्रांची दुखणी पाहिली, माणसांचीही पाहिली, पण इतका नेमका चुकीचा निदानकर्ता माझ्याशिवाय मला भेटला नाही.

मग मी अखेरचा उपाय काढला. कार्डाच्या आत एक कायमची सूचना लिहिलेली असते, किती ठेका कधी धरायचा याची. ती पुसून नवी लिहायची, की काही झालं तरी मंद पडायचं नाही. हे करताना चुकीची फाइल गेली तर कार्ड कायमचं जातं, असं जिथं तिथं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. मी ते दादाला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सोड ना बे. चालते तसं चालू दे."

"नाही दादा. तू बघच."

"पेपर आहे न तुहा परवा?"

"एका पेपरानं काय होते?"

तो काही तरी बोलणार होता. त्यानं दाराकडे पाहिलं, आई तिथं उभी होती, आणि तो थांबला. मी फाइल लिहिली. ती त्याच नावाच्या पण दुसऱ्या घडणीच्या कार्डाची होती, नावातल्या शेवटच्या अक्षराचा फरक. कॉम्प्युटर परत सुरू केला. पंखा फिरला. पडदा काळा. कार्ड काढून फुंकलं, पुसलं, पालथं केलं, दुसऱ्या जागेत लावून पाहिलं. काळा. दुपारची वेळ, कूलरचं पाणी संपलेलं, त्याच्या ताट्या कोरड्या पडून नुसती गरम हवा येत होती. मी फरशीवर मांडी घालून बसलो आणि रडायला लागलो. इंजिनिअरिंगला असलेला, मिशी फुटलेला मुलगा.

"दादा, मेलं रे माह्याकडून. चांगलं होतं, मेलं."

दादा आधी हसला. मग माझं रडणं थांबेना तेव्हा म्हणाला, "इकडे ये."

मी गेलो. त्यानं उजवा हात टेबलावर ठेवला, म्हणजे डाव्या हातानं उचलून ठेवला. तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं की अंगठ्याच्या मुळाशी जिथं गुबगुबीत मांस असतं तिथं खळगा पडला होता. "आता हे बोट उचलतो," तो म्हणाला. "पाह्य."

मी पाहत राहिलो. काहीच झालं नाही. मग बोट जरासं वर आलं, थरथरलं, आणि पडलं.

"पाह्यलं? हे अटकून राहिलं. मशीन नाही बे."

मी विचारलं, "कवापासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. आधी मले बी मशीनच वाटलं."

"आईले माहीत आहे?"

"सगळ्यायले माहीत आहे. तुहे पेपर होते ना."

मग मी ओरडलो. मला काहून सांगितलं नाही, मी इतके दिवस ही पट्टी पूस, ती वायर बदल, आणि तू बसून पाहत होता, म्हणालो. तुले कळलं होतं तर थांबवलं काहून नाही? दादानं हात परत मांडीवर घेतला, तसाच, दुसऱ्या हातानं उचलून.

"तू शोधून राहिला होता ना," तो म्हणाला. "तर मले बी वाटे, सापडते का काय."

आई दारातून आत आली नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. नळाला त्या वेळी पाणी येत नसे. नुसती हवेची खरखर ऐकू येत राहिली.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा मी दाराबाहेरच्या ओट्यावर त्यांची वाट पाहत होतो, भांडायला. त्यांनी मोटरसायकल लावली, डब्याची पिशवी काढली, आणि माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना कळलं. ते शेजारी बसले. मी म्हणालो, "मले आधी सांगितलं असतं तर?"

"तर काय केलं असतं तू?"

"काही तरी केलं असतं."

"तेच," बाबा म्हणाले. "तू काही तरी करतं, म्हणूनच नाही सांगतलं." आणि त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला. कारखान्यातून आलेल्या त्या हाताला तेलाचा वास होता. तो हात काढायचं त्यांना बराच वेळ सुचलं नाही, मीही सुचवलं नाही. ज्या पेपरांसाठी सगळ्या घरानं इतके महिने तोंड आवळून धरलं, त्यांतल्या दोनांत मी नापास झालो.

मेलेलं कार्ड आईनं फेकू दिलं नाही. तिनं ते पिशवीत घालून कपाटावर ठेवलं. का ते मी विचारलं नाही. एका कार्डावर कॉम्प्युटर चालू लागला. दादाची खाट आम्ही त्याच खोलीत आणली आणि पाठीला उश्या लावून त्याला पडद्यासमोर बसवू लागलो. त्याची बोलण्याची गतीही पुढं मंदावली, एकेक शब्द ओढून आणल्यासारखा यायचा, पण अर्थ शाबूत, आणि टोमणा तर पूर्वीपेक्षा धारदार, कारण आता तो एकही शब्द वाया घालवत नव्हता. एके दिवशी दुपारी जेवणानंतर तो मला म्हणाला, डोंगराचा ट्रॅक लाव. त्याला तो शेवटपर्यंत पाहायचा होता, न थांबता, न पडता, एकदा. स्वतः खेळता येत नव्हतं. म्हणजे मी.

मी बसलो. आई खाटेच्या पायथ्याशी त्याच्या पायाला तेल चोळत होती. दादा सांगत होता, डावं, टोच, सोड. पहिल्या वळणाला मी दरीत. परत सुरुवात. दुसऱ्या वळणाला दरीत. परत. माझे हात घामानं ओले झाले होते. एवढं एकच त्यानं मागितलं होतं, आणि ते पेपराइतकंही अवघड नव्हतं. किती वेळा गाडी दरीत गेली ते मी मोजलं नाही. एकदा मी शेवटच्या वळणापर्यंत पोचलो. आई तेल चोळायची थांबली. दादाचा श्वास मला पाठीमागून ऐकू येत होता. मला पुढचं धूसर दिसायला लागलं, मी डोळे पुसायला हात उचलला, आणि गाडी सरळ कठड्यावरून खाली.

मी पडद्याकडे पाहतच म्हणालो, "एकच कार्ड आहे ना दादा. अटकून राहिलं."

दादानं दम घेतला. शब्द यायला वेळ लागला, पण एकेक स्वच्छ आला.

"कार्ड बरोबर आहे. हात बी चांगले आहेत तुहे. डोस्कंच नाही बे तुले. ऊठ तिथून, आईले बसव."